तबक धरणारी बाई

मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत अधूनमधून रोमन साम्राज्य अवतरतं. निमित्त चिरंजीवांनी लावलेल्या इंग्रजी मालिकांचं. बीबीसीची १९७६ सालची 'आय, क्लॉडियस' झाली, आता २००५ सालची 'रोम' चालू आहे. बडी मंडळी लोळत खातात, खाता खाता लाच खातात आणि मागे गुलाम तबकं धरून उभे.

"माणसं विकायचे मेले!" आमची ही हळहळली.

"आपल्याकडे नव्हतं हो असलं," शेजारचे अण्णा म्हणाले. अण्णांचा इतिहास 'स्वामी'वर पोसलेला. १९८७ साली ती मालिका दूरदर्शनवर लागली, की अण्णा पूजेला बसल्यासारखे बसत.

अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून मी एरवी उलट बोलत नाही. त्या दिवशी मात्र राहवलं नाही. "अण्णा, पेशवाईच्या मालिकांत तबक घेऊन येते ती कोण?"

"दासी."

"पगार किती?"

अण्णा गप्प.

मालिकेतली ही दासी जुन्या कागदांत 'कुणबीण' किंवा 'बटीक' असते. तिची खरेदी-विक्री होई, किंमत रुपयांत लिहिली जाई. सरकारी कुणबिणी पागेत, कोठीत, इमारतींच्या कामावर राबत. बदकर्माचा ठपका आलेल्या बाईला शिक्षा म्हणूनही कुणबीण करीत. गुलामीची कायदेशीर मान्यता गेली १८४३ साली, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर पंचवीस वर्षांनी. रोमच्या मालिकेत गुलामाला निदान गुलाम तरी म्हणतात. आपण तिला छानसं लुगडं नेसवतो आणि दासी म्हणून मोकळे होतो.

"पण लाच? ती तर रोमचीच!" अण्णांनी मोर्चा वळवला.

तिथंही आपण मागे नव्हतो. मामलेदार 'दरबारखर्च' म्हणून रयतेकडून जादा पैसा काढत आणि तो कारभाऱ्यांना, हिशेबतपासनिसांना चारत. चारता चारता तो इतका रूढ झाला, की त्याचाही रीतसर हिशेब तपासला जाऊ लागला. मग ती लाच कसली? म्हणून वर आणखी लाच! एल्फिन्स्टनसाहेबानं १८१९ च्या अहवालात हे नोंदवून ठेवलंय. मी गेल्या महिन्यात एका कचेरीत जे दिलं, ते मात्र कुठंच नोंदवलेलं नाही. घरीसुद्धा 'रिक्षाखर्च' सांगितलाय.

एवढ्यात अण्णांच्या मागून आवाज आला, "दादा, चहा गार होतोय."

आमच्या कामाच्या बाई मघापासून ट्रे धरून उभ्या होत्या. पाच वर्षं आमच्याकडे आहेत. टीव्ही बघतात, पण दारात उभ्यानं.

"बसा ना हो," ही घाईघाईनं म्हणाली.

"नको वैनी, सवय हाय."

अण्णांनी ट्रेमधला कप उचलला. अर्थातच बसूनच. मीही उचलला. त्यानंतर इतिहासावर कोणी बोललं नाही.