लंडनचे पोलीस: गणवेश मोजायचे की काम?

आजचा भाग लंडनच्या पोलिसांवर आहे, पण सुरुवात एका फ्रीजरपासून करतो.

2022 चा उन्हाळा. लंडनमध्ये पारा 40 च्या वर गेला होता. त्या उन्हाळ्यात तिथल्या एका पोलीस युनिटमधला फ्रीजर बंद पडला. आत काय होतं? बलात्काराच्या केसेसमधले पुरावे. सगळे वाया गेले. हे फ्रीजर इतके ठासून भरलेले असायचे की दार लावायला तिघं लागायची. हे मी सांगत नाही, मार्च 2023 मधला लुईज केसी यांचा अहवाल सांगतो. 2021 मध्ये लंडनच्या सेवेतल्या एका पोलिसानेच एका तरुणीचं अपहरण करून खून केला, त्यानंतर हा अहवाल मागवला गेला. त्याचा मुख्य रोख पोलीस दलातल्या वृत्तीवर आहे, आणि तो अगदी रास्त आहे. मला मात्र त्यातला फ्रीजर विसरता येत नाही. कारण त्याच सुमारास ब्रिटिश सरकार ‘20,000 नवे पोलीस भरले’ म्हणून पाठ थोपटून घेत होतं. लंडनमध्येही पोलिसांची संख्या 34 हजारांच्या आसपास पोचली होती.

एवढे पोलीस, आणि फ्रीजरकडे बघायला कुणी नाही? हे झालं कसं?

त्यासाठी 1829 मध्ये जाऊ. गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी मेट्रोपॉलिटन पोलीस दल उभं केलं. 29 सप्टेंबरला पहिली गस्त निघाली, सुरुवातीला साधारण हजारभर माणसं. वर पोलीस आयुक्त दोन: चार्ल्स रोवन आणि रिचर्ड मेन. ही नावं बऱ्याच पुस्तकांत सापडतात. तिसरा माणूस मात्र सहसा वगळला जातो. जॉन रे, पेशाने वकील, पद ‘रिसीव्हर’. पगार, इमारती, गणवेश, हिशोब, सगळं त्याच्याकडे. अंगावर गणवेश नाही, हातात दंडुका नाही. म्हणजे बिनवर्दीचा माणूस पहिल्या दिवसापासून या दलाच्या पायात होता! हे पद थेट 2000 पर्यंत टिकलं.

पुढे काम वाढत गेलं तशी अशी माणसंही वाढली. 1960 मध्ये लंडनच्या रस्त्यांवर ट्रॅफिक वॉर्डन आले, म्हणजे पार्किंगच्या पावत्या फाडायला पोलीस लागेना. 2002 च्या कायद्याने ‘कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर’ आले. यांना गणवेश होता, पण पोलिसासारखे अटकेचे अधिकार नव्हते. काम काय, तर वस्तीत फिरणं, दुकानदाराला नावाने ओळखणं. 2004 पासून वॉर्डावॉर्डात छोट्या टीम बसवल्या: एक सार्जंट, दोन पोलीस, तीन सपोर्ट ऑफिसर. साधं गणित होतं आणि लोकांना ते दिसत होतं.

मग 2010 नंतर सरकारने खर्चाला कात्री लावली. आता इथे एक बारीक गोष्ट आहे, नीट ऐका. ब्रिटनमध्ये पोलीस शिपाई कायद्याने ‘नोकर’ नसतो, तो पदाधिकारी असतो. त्यामुळे पद जादा झालं म्हणून त्याला घरी पाठवता येत नाही. नागरी कर्मचाऱ्याला येतं. त्यात ‘पोलीस कमी केले’ ही बातमी होते, ‘कारकून कमी केले’ ही होत नाही. मग कात्री आधी कुणावर चालणार? केसी यांच्या अहवालानुसार दलाने 21 टक्के नागरी कर्मचारी गमावले. सपोर्ट ऑफिसर निम्मे झाले. 2010 ते 2022 मध्ये 126 पोलीस ठाणी बंद झाली.

2019 मध्ये वारं फिरलं. बोरिस जॉन्सन म्हणाले, 20,000 पोलीस परत आणतो. पण मोजायचे फक्त पोलीस. नागरी जागांना तसं काही टार्गेट नव्हतं. परिणाम उघड आहे. काम तर कुठे गेलं नव्हतं. डेटा भरणं, पुरावे नोंदवणं, फोन घेणं, हे सगळं कुणीतरी करायलाच हवं. मग ज्याला रस्त्यासाठी शिकवला तोच पोलीस टेबलावर बसला. कागदावर संख्या वाढली आणि गल्लीत कुणी दिसेना.

हे मला इतकं का लागलं सांगतो. माझ्या एका जुन्या टीममधून टेस्टर आणि सपोर्टची माणसं काढली. डेव्हलपर तेवढेच ठेवले. मॅनेजर स्लाइडवर दाखवायचा, ‘इंजिनिअरिंग हेडकाउंट कायम’. आणि आम्ही रात्री दोन वाजता ग्राहकांची तिकिटं उघडत बसायचो. कोड लिहिणं राहिलं बाजूला. माझ्या बाबतीत फार तर रिलीज लांबली. तिकडे एखाद्या बाईचा एकमेव पुरावा गेला. तुलना नाहीच होऊ शकत, पण चूक मोजणीचीच होती.

‘सगळ्या जागी नागरी माणसं भरा’ असं मी म्हणत नाहीये. चाकू घेतलेल्या माणसासमोर पोलीसच लागतो, आणि दलातली वृत्ती चार कारकून भरून सुधारत नाही. पण कुठलंही सरकार ‘इतके हजार पोलीस भरले’ म्हणालं की पुढचा प्रश्न आपण विचारायचा: त्यातले रस्त्यावर किती, आणि बाकीचे कुणाच्या खुर्चीत बसलेत?

1829 च्या लंडनने रिसीव्हर नेमून याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. त्याच शहराला ते विसरायला काही वर्षं पुरली.

चला, आज इतकंच. तुमच्या ऑफिसमध्ये अशी मोजणी झाली असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.