ग्रीकांचा दैमोन आणि आपला रक्षक दूत

मुळशीच्या उत्तरेस, मावळांत, कार्ल्याचें चैत्यगृह आहे. त्याच्या खांबांवरील सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या लेखांत धेनुकाकट येथील यवन दात्यांचा उल्लेख आहे. ‘यवन’ हें नांव मूळ ग्रीकांचें. ह्या दात्यांनीं बौद्ध लेण्यास दान दिलें. ग्रीक तत्त्वज्ञान येथें आणलें, असें त्यावरून ठरत नाहीं. तथापि त्या ग्रीकांचा एक विचार आपल्या धर्मेतिहासाशीं निगडित आहे. ज्युबिलीच्या प्रसंगीं त्याचें स्मरण उचित होईल.

देव व मानव यांच्यामधील अदृश्य शक्तीस ग्रीक लोक ‘दैमोन’ म्हणत. हेसिओद कवीच्या मतें सुवर्णयुगांतील माणसें मरणोत्तर मर्त्यांचे राखणदार झालीं. सॉक्रेटिसास बाळपणापासून एक दैवी आवाज ऐकूं येई. तो त्यास आवरी, परंतु कधीं प्रवृत्त करीत नसे, असें प्लेटो सांगतो. नवीं दैवतें मानल्याचा एक आरोप ठेवून इ. स. पूर्वीं ३९९ मध्यें अथेन्सनें त्यास मृत्युदंड दिला.

मग आपला रक्षक दूत म्हणजे हाच दैमोन काय? खचित नव्हे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत ‘दैमोनिया’ हा शब्द परराष्ट्रीयांच्या देवांस लाविला आहे. शुभवर्तमानांत तो भुतांस लागला. देवाच्या सेवकास मात्र ‘अंगेलोस’, म्हणजे निरोप्या, म्हटलें. लहानग्यांचे दूत स्वर्गांत पित्याचें मुख सदैव पाहतात, असें प्रभूनें सांगितलें (मत्तय १८:१०). दुसऱ्या शतकांत रोमच्या हर्मासानें लिहिलें कीं, माणसाजवळ एक नीतीचा व एक अनीतीचा असे दोन दूत असतात. त्याच शतकांतील संत जुस्तिनानें सॉक्रेटिसास झिडकारिलें नाहीं; त्याच्या वधाचा दोष त्यानें दुष्ट दैमोनांवर ठेविला. पुढें संत आगुस्तीनानें ‘देवनगरी’ ग्रंथांत दाखविलें कीं, दैमोन मध्यस्थ नव्हेत. मध्यस्थ एक ख्रिस्तच.

हा भेद आपणांसही उपयोगाचा आहे. घाटाखालीं कोंकणांत राखणदारास मान न दिल्यास तो कोपतो, अशी समजूत आहे. रक्षक दूतास असा मान द्यावा लागत नाहीं, कारण तो स्वतःचा धनी नसून देवाचा चाकर आहे. पोप दहावे क्लेमेंट यांनीं १६७० मध्यें २ ऑक्टोबर हा त्याचा सण सर्व ख्रिस्तसभेस लागू केला. मुलांस दूताची प्रार्थना शिकवितांना भय न शिकवितां विश्वास शिकवावा, हेंच ह्या इतिहासाचें सार होय.