झाकणाची मूठ

पातेल्याच्या झाकणावरची प्लॅस्टिकची मूठ निखळली, की आपण दुकानात जाऊन "सगळ्यांत पक्कं चिकटवणारं द्या" असं सांगतो. दुकानदार काहीतरी देतो. आठ दिवसांनी मूठ पुन्हा हातात येते आणि आपण चिकटवणाऱ्या द्रव्याला नावं ठेवतो. मला वाटतं, दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. ते किती ताकदीचं आहे यापेक्षा ते कशाला लावायचं आहे, हे आधी पाहावं लागतं.

आपल्याकडे तलवारीचं पातं मुठीत बसवताना लाख वितळवून ओतत असत. थंड झाली की पक्की, तापवली की सुटी. पातं बदलायचं तर ती सोयच होती. विमानाला मात्र ही सोय परवडणारी नव्हती.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ डक्सफर्ड इथे नॉर्मन डी ब्रुइन हे शास्त्रज्ञ विमानाच्या जोडांवर काम करत होते. पत्रे जोडायला रिव्हेट मारत. प्रत्येक रिव्हेटला एक भोक, आणि प्रत्येक भोक म्हणजे तडा सुरू व्हायला एक जागा. बेकेलाइटच्या जातीची राळ धातूला चांगली धरते, पण ती ठिसूळ. १९४१मध्ये डी ब्रुइन यांनी पत्र्यावर ही पातळ राळ लावली, तिच्यावर पॉलिव्हिनिल फॉर्मल या चिवट प्लॅस्टिकची भुकटी भुरभुरली आणि उष्णता व दाब देऊन जोड पक्का केला. एकानं धरायचं, दुसऱ्यानं धक्के सोसायचे. 'रिसर्च अॅट डक्सफर्ड' यावरून त्याचं नाव पडलं रिडक्स. डी हॅविलंडच्या हॉर्नेट या लढाऊ विमानात त्यानं लाकूड अॅल्युमिनियमला जोडलं.

पुढची नावं आपल्या ओळखीची आहेत. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां दातांच्या कवळीसाठी साहित्य शोधत होते. त्यांच्या इपॉक्सी राळेतून आलेलं अॅरल्डाइट १९४६मध्ये लोकांसमोर आलं. अमेरिकेत हॅरी कूव्हर यांना १९४२मध्ये बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक हवं होतं. हाती आलेला पदार्थ जिथे तिथे चिकटू लागला, म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. तोच १९५८मध्ये बाजारात आला. आपलं फेव्हिक्विक त्याच कुळातलं.

एवढं सगळं हाताशी असूनही पॉलिथिनच्या बादलीला लोखंडी पट्टी चिकटत नाही. याचं कारण डी ब्रुइन यांनी १९३९मध्येच सांगितलं होतं. काही पदार्थांच्या रेणूंवर विद्युतभार एका बाजूला झुकलेला असतो, काहींवर नसतो. या दोन जातींचं एकमेकांशी जमत नाही. धातूवर ऑक्साइडचा थर असतो, तो पहिल्या जातीचा. इपॉक्सीही त्याच जातीची. पॉलिथिन दुसरीकडचं. घरी करून पाहा : स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर पाण्याचा थेंब पसरतो, पॉलिथिनवर गोळा होऊन बसतो. जिथे थेंब गोळा होतो, तिथे चिकटवणारं द्रव्यही नीट पसरत नाही. म्हणून कारखान्यात अशा प्लॅस्टिकवरून क्षणभर ज्योत फिरवतात. पृष्ठभागात ऑक्सिजन शिरतो आणि त्याची जात बदलते.

टेफ्लॉन त्याहून हट्टी. रॉय प्लंकेट यांना ते १९३८मध्ये अचानक सापडलं. त्याला काहीच चिकटत नाही, मग ते तव्याला कसं चिकटवायचं? फ्रान्सचे मार्क ग्रेग्वार यांनी १९५४मध्ये चिकटवण्याचा नादच सोडला. त्यांनी अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग आम्लानं कुरतडवला. त्या बारीक खळग्यांत टेफ्लॉन भरून ते ३२७ अंश सेल्सिअसच्या वर तापवलं, की ते वितळून आत रुतून बसतं. ही युक्ती तव्यावर वापरून पाहा, असं त्यांच्या पत्नीनं सुचवलं, असं सांगतात. नॉनस्टिकचं मोठंच श्रेय मग त्या माउलीचं!

झाकणाच्या मुठीला आणखी एक त्रास आहे. तापल्यावर बहुतेक प्लॅस्टिक धातूच्या कितीतरी पट प्रसरण पावतं. रोजच्या वाफेनं दोघं कमी-जास्त सरकतात, आणि मधला थर कडक असेल तर तडकतो. तिथे थोडं लवचीक आणि उष्णता सोसणारं द्रव्य हवं. पण झाकण उकळत्या आमटीवरून उचलायचं असेल, तर मी तरी स्क्रूच निवडीन. बादली बनवणारे तर चिकटवण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. कडीची दोन्ही टोकं वाकवून ते कानांतल्या भोकांत अडकवून देतात.