मागावरची नक्षी आणि कॉम्प्युटरचा प्रोग्राम



स्वेटर विणायला शिकवताना आपण काय सांगतो? दोन सुलट, दोन उलट. अशा वीस ओळी करा. काखेपर्यंत आलं की दोन्ही बाजूंनी टाके कमी करा. एकीने हे कागदावर लिहून दिलं, तर दुसरी कुठल्याही गावात बसून तसाच स्वेटर विणू शकते. कॉम्प्युटरचा प्रोग्राम म्हणजे असाच कागद. काय करायचं, किती वेळा करायचं आणि काय झालं की काय बदलायचं, हे त्यात क्रमाने लिहिलेलं असतं. फरक इतकाच, की विणणारी बाई चूक दिसली तर सावरून घेते. यंत्र आपल्या मनाने काही सावरत नाही. त्यामुळे पुढचा सगळा विचार लिहिणाऱ्यालाच करावा लागतो.

आणि बरं का, या कामाचं मूळही विणकामातच आहे.

फ्रान्समधलं ल्यों हे शहर रेशमी कापडासाठी नावाजलेलं. तिथे मागावर फुलापानांची नक्षी काढायची, तर विणकराबरोबर एक मदतनीस लागायचा. बऱ्याचदा ते लहान पोरच असे. प्रत्येक ओळीला ठरावीक दोऱ्या ओढून तो हवे तेवढे उभे धागे वर उचलून धरी. १८०४ साली जोसेफ मारी जॅकार याने याला तोड काढली. पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेऊन त्यांना भोकं पाडली. भोक असेल तिथला धागा वर, नसेल तिथला खाली. एका ओळीला एक पट्टी, आणि सगळ्या पट्ट्या दोऱ्याने बांधून त्यांची माळ केलेली. माग तोच ठेवायचा, पट्ट्यांची माळ बदलायची, की नक्षी बदलली! पुढे खुद्द जॅकारचं रेशमी चित्र अशा मागावर विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या. आपल्या बाजारात जॅकार्डची साडी आणि जॅकार्डचं पडद्याचं कापड मिळतं ना, ते नाव याच माणसाचं.

इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज नावाचे गणिती होते. हिशेब करणाऱ्या यंत्राला अशाच पट्ट्यांनी काम सांगावं, असा बेत त्यांनी आखला. ते यंत्र त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. पण त्याचं मर्म एका बाईने ओळखलं. तिचं नाव एडा लव्हलेस. १८४३ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, तिने या यंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि त्याला स्वतःची टिपणं जोडली. ती मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाली! एक अवघड गणित यंत्राने पायरीपायरीने कसं सोडवायचं, ते तिने तक्ता करून मांडलं. छापून आलेला पहिला प्रोग्राम म्हणून बरेच जण याचंच नाव घेतात. या यंत्राची तुलना तिने जॅकारच्या मागाशी केली. सुरांचे नियम नीट मांडता आले तर असं यंत्र संगीतही रचू शकेल, असंही तिला वाटत होतं. टिपणांखाली मात्र तिचं पूर्ण नाव नव्हतं, नुसती तीन आद्याक्षरं होती. ३६ व्या वर्षी ती गेली.

पुढे शंभर वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, तोफेचा गोळा कुठे पडेल याचे हिशेब अमेरिकेत अनेक तरुण मुली हाताने करत होत्या. त्यांच्या हुद्द्याचं नावच ‘कॉम्प्युटर’ होतं. म्हणजे हा शब्द आधी माणसाचा, मग यंत्राचा. हे हिशेब झटपट व्हावेत म्हणून फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात एनिॲक हे खोलीभर यंत्र उभं राहिलं. त्यात सुमारे १८,००० काचेच्या नळ्या होत्या. त्याला काम सांगायला सहाजणी निवडल्या. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मर्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. शिकवायला पुस्तक नव्हतं. यंत्राचे नकाशे समोर ठेवून त्यांनी ते आपलं आपण समजून घेतलं. कुठली तार कुठे जोडायची आणि कुठलं बटण कधी फिरवायचं, याचा सगळा क्रम त्यांनी बसवला.

फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्र लोकांसमोर आलं. तोफगोळ्याचा जो हिशेब हाताने करायला तीस-चाळीस तास लागत, तो यंत्राने अर्ध्या मिनिटाच्या आत केला. तो प्रोग्राम जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी बसवलेला. त्या दिवशी मोठं जेवण झालं, त्याचं आमंत्रण या मुलींना नव्हतं. यंत्र बांधणं हे मोठं काम, त्याला काम सांगणं ही कारकुनी, असं तेव्हा सगळे धरून चालत. बऱ्याच वर्षांनी कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने जुन्या फोटोतल्या बायका कोण, असं विचारलं. उत्तर आलं, यंत्र चांगलं दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील! क्लायमनने मग त्यांना शोधून काढलं. १९९७ साली त्यांचा जाहीर सन्मान झाला, म्हणजे पन्नास वर्षं उलटल्यावर.

चंद्रावर माणूस गेला तो प्रोग्राम तर खरोखरच विणलेला होता. वॉल्थम गावच्या कारखान्यात बायका बारीक कड्यांतून तांब्याची तार ओवत. तार कडीतून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. मार्गारेट हॅमिल्टन या प्रोग्राम लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या. २० जुलै १९६९ ला यान उतरत असतानाच कॉम्प्युटरवर कामाचा भार वाढला आणि इशारे वाजू लागले. पण अशा वेळी कमी महत्त्वाची कामं सोडून उतरण्याचं काम धरून ठेवायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं होतं. दूध उतू चाललं की आपण हातातली कपड्यांची घडी टाकून धावतो, तसंच.

आज कर्जाचं व्याज, मोबाइलवरचे पैसे, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, सगळीकडे कुणीतरी आखलेली नक्षीच चालते. खुरपून आणि भांडी घासून ज्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिचा अंगठा मशीन ओळखत नाही. ती म्हणते, माझाच अंगठा खराब. बाई गं, अंगठ्यात खोट नाही, तो कष्टाने झिजलाय. अंगठा जुळला नाही तर दुसरी वाट कोणती, हे कुणीतरी आधीच लिहून ठेवावं लागतं. तेव्हा मशीन नाही म्हणालं तर मुकाट परत फिरू नका. दुसरी वाट काय, ते विचारा. झिजलेली बोटं घरात पाहिलेली मुलगी प्रोग्राम लिहायला बसली, तर ही गोष्ट तिला आधी आठवेल.

म्हणून मुलीने बारावीनंतर कॉम्प्युटर शिकायचं म्हटलं आणि कुणी म्हणालं की हे पोरांचं काम, तर त्याला या सहाजणींची नावं ऐकवा.