माहीमच्या खाडीपलीकडचा कायदा

श्रोतेहो, अंधेरीहून लोकलनें फोर्टांत कामास निघालेला गृहस्थ माहीमची खाडी केव्हां ओलांडतो, हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं. परंतु सुमारें दोनशें वर्षांमागें या खाडीच्या दोन तीरांवर दोन निरनिराळे कायदे नांदत होते. अलीकडे, मुंबई बेटांत, १८२३ च्या सनदेचें सुप्रीम कोर्ट. त्याचे न्यायाधीश इंग्लंडच्या राजानें नेमलेले. पलीकडे साष्टी बेट, म्हणजे आजचीं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड व त्यांपुढील ठाणें. हें बेट इंग्रजांनीं १७७४ च्या अखेरीस मराठ्यांकडून घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांच्याकडेच राहिलें. तेथें कंपनी सरकारच्या अदालती चालत, व त्यांचे नियम १८२७ सालीं एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत एकत्र करण्यांत आले होते.

१८२८ सालीं या दोन सत्तांची गांठ पडली. बापू गणेश नांवाचा कैदी ठाण्याच्या तुरुंगांत होता. त्यास आपणांपुढें हजर करून, तो कोणत्या अधिकारानें कोंडला तें सांगावें, असा हुकूम सुप्रीम कोर्टानें तुरुंगाच्या अधिकाऱ्यावर काढला. इंग्रजी कायद्यांत यासच ‘हेबियस कॉर्पस’ म्हणतात. पुण्यास मोरो रघुनाथ हा चौदा वर्षांचा मुलगा घरांतील वडीलधारे पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यांत होता. त्याच्यासाठींही असाच हुकूम सुटला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचें सरकार खवळलें. बेटाबाहेर कोर्टाची सत्ता चालत नाहीं, असें त्याचें म्हणणें. राजाच्या न्यायासनास सरकारनें अडवावें हें न्यायाधीशांस सोसेना. तिघांपैकीं वेस्ट व चेंबर्स त्याच वर्षीं वारले. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट यांनीं १८२९ च्या एप्रिलांत कोर्टाचे दरवाजेच बंद केले! अखेर प्रिव्ही कौन्सिलानें त्याच वर्षीं निकाल दिला, तो सरकारच्या बाजूनें.

यांत खरें कोणाचें? मला वाटतें, दोघांच्याही हातीं कायद्याचा अर्धा अर्धा भाग होता. सत्तेची मर्यादा आधीं ठरलेली असावी, ती न्यायाधीशानेंही आपल्या इच्छेनें वाढवूं नये, हें सरकारचें म्हणणें खोटें नव्हे. पण ‘कोणत्या अधिकारानें?’ हा कोर्टाचा प्रश्न तर कायद्याचा प्राणच होय. शेताच्या बांधाचा तंटा गांवचे पंचही मिटवूं शकतात. परंतु ज्याच्या हातीं तुरुंगाची किल्ली आहे त्यास जाब विचारण्याचें बळ पंचांत कोठून येणार? समाजाला कायदा हवा तो मुख्यतः येथें. निव्वळ हुकूम आणि कायदा यांत भेद हाच कीं, हुकूम देणाऱ्याला कायदा उत्तर द्यावयास लावतो. प्रिव्ही कौन्सिलाच्या निकालानें भांडण मिटलें, पण खाडीपलीकडील कैद्यासाठीं हा प्रश्न विचारणारें त्रयस्थ न्यायासन उरलें नाहीं.

पुढें १८६२ च्या आरंभीं पिनल कोड अमलांत आलें, आणि त्याच वर्षीं सुप्रीम कोर्ट व सदर अदालत यांच्या जागीं एकच हायकोर्ट आलें. तरी हेबियस कॉर्पसचा हुकूम बेटाच्या सीमेंतच राहिला. फौजदारी कायद्यांत १९२३ सालीं दुरुस्ती झाली, तेव्हां तो ठाण्याच्या तुरुंगापर्यंत पोंचला. खाडीची ती रुंदी ओलांडावयास कायद्याला पंचाण्णव वर्षें लागलीं! १९५० च्या राज्यघटनेनें तर हा अधिकार हायकोर्टाला घटनेंतच लिहून दिला.

तथापि एकदां मिळालेलें कायमचें राहतें असेंही नव्हे. आणीबाणींत, १९७६ सालीं, स्थानबद्धांना हा प्रश्न विचारतां येणार नाहीं असा निकाल आपल्याच सर्वोच्च न्यायालयानें दिला, आणि तें दार पुन्हां बंद होऊं नये म्हणून १९७८ सालीं घटना दुरुस्त करावी लागली. श्रोतेहो, माहीमच्या खाडीवरून गाडी आतां क्षणांत जाते. तो खडखडाट कानीं पडेल तेव्हां ठाण्याच्या त्या कैद्याची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.