भोक एक, किल्ल्या तीन

आमच्या देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. सर्वात मोठी रक्कम वर, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. गेल्या फेस्ताला एका ख्रिस्ती मित्राबरोबर इगर्जीत गेलो, तर तिथे मिसेच्या वेळी पिशवी फिरत होती. प्रत्येकजण मूठ आत घालून रिकामा हात बाहेर काढत होता. कोणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नव्हते. आम्ही पडलो कारकून. पावतीशिवाय पैसा दिसला की जीव वरखाली होतो. "मग हिशेब कसा लागतो?" असे विचारताच मित्र म्हणाला, "मोजायला एकटा कोणी बसत नाही."

या साध्या उत्तरामागे फार जुना इतिहास आहे.

दान देताना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही येशूची शिकवण. आपण त्यालाच गुप्तदान म्हणतो. पण गोळा झालेला पैसा गुप्त ठेवा, असे त्यात कुठेच नाही. इ.स. ५५ च्या सुमारास संत पॉलने जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली. तेव्हा आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने सोबत घेतला. पुढे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजचा तर्तुलियन लिहितो की मंडळीची एक पेटी असते, तीत महिन्यातून एकदा ज्याला जमेल तेवढे तो टाकतो आणि सक्ती कोणावर नसते.

या दोन्ही गोष्टी एकाच लाकडी पेटीत बसवल्या त्या ११९९ साली. क्रूस युद्धासाठी पैसा हवा म्हणून तिसऱ्या इनोसंट पोपने चर्चमध्ये पेट्या ठेवायला सांगितले. प्रत्येक पेटीला तीन किल्ल्या: एक बिशपकडे, एक त्या चर्चच्या पाद्रीकडे आणि तिसरी एखाद्या धार्मिक वृत्तीच्या सामान्य गृहस्थाकडे. इंग्लंडमध्ये १५४७ च्या राजाज्ञेने गरिबांसाठी तशीच पेटी सक्तीची केली. वरच्या बाजूला भोक, किल्ल्या तीन. पण इथे एक किल्ली पाद्रीकडे आणि दोन चर्चच्या वॉर्डनांकडे. दोन किल्ल्या लोकांच्या माणसांकडे गेल्या, हा बदल लहान नव्हे.

भोक देणाऱ्याची लाज राखते, किल्ल्या घेणाऱ्याची नियत राखतात. आमच्या सरकारी ट्रेझरीत तिजोरीला दुहेरी कुलूप असते, त्यातले तत्त्व हेच.

अर्थात चर्चलाही हे नेहमी साधले नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत बाकांचे भाडे घेत. पुढचा बाक महाग, गरीब मागे. कोणाची ऐपत किती ते सगळ्या मंडळीला बसल्या जागी दिसे. नंतर क्रमांक घातलेली पाकिटे आली. शेजाऱ्यापासून रक्कम लपली, पण खजिनदाराच्या वहीत मात्र ती नावासकट चढू लागली.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती बंधनकारक केली. भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांनाच द्यावा आणि ज्या कामासाठी दान दिले त्याच कामी ते लावावे, असेही त्यात आहे. आपल्या गोव्यात चर्चच्या मालमत्तेचा कारभार फाब्रिक पाहते. देवळांना मात्र पोर्तुगीज काळातला देवस्थान कायदा लागू आहे. महाजनांनी निवडलेली समिती आणि वर मामलेदार.

सरकारनेही देणाऱ्याचा हा पडदा मानला. २००६ साली निनावी देणग्यांवर ३० टक्के कर बसवला, तेव्हा केवळ धार्मिक असलेल्या संस्थांना त्यातून वगळले. फंडपेटीत नोट टाकणाऱ्याला नाव विचारायचे नाही, हे कायद्याने मान्य केले. मग आत पडलेल्या नोटेचे काय झाले, हे सांगण्याची जबाबदारी पेटी उघडणाऱ्यावर दुप्पट येते.

आपण नेमके उलटे करतो. देणाऱ्याचे नाव संगमरवरावर आणि हिशेबाची वही कपाटात. पाटीवर ज्याचे नाव नाही, त्या म्हातारीने पदराच्या गाठीतून सोडलेले दहा रुपयेही त्याच वहीत आहेत. तिचे नाव कोणी विचारू नये. पण तिने वही मागितली, तर ती तिला बघायला मिळाली पाहिजे. मग ते देऊळ असो की इगर्ज.