ओपन स्पेसमधला तरोटा

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो, तेव्हा ओपन स्पेसमध्ये पावसाळ्यात तरोटा, कुर्डू, आघाडा, गोकर्ण आपोआप उगवायचं. महालक्ष्म्यांची पत्री तिथंच मिळायची, तरोट्याची भाजीही व्हायची. मी सेक्रेटरी झालो अन् जेसीबी लावून सगळं खरडून घेतलं. 'साफसफाई' हा ठराव माझ्याच अक्षरात आहे! लॉन लावली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा आपलं बोअर आटलं, लॉन गेली आणि उघड्या जमिनीवर गाजर गवत माजलं.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात. १९८० च्या दशकात ते खाणारे भुंगेरे मेक्सिकोहून बंगळूरला आणले. पण ते दाबून टाकायला शास्त्रज्ञ साधा उपाय सांगतात : तिथं तरोटा पेरा. म्हणजे जो मी पैसे देऊन काढला, तोच!

पूर्वेच्या कोपऱ्यात यंदा तरोटा, कुर्डूचं बी टाकलंय. गवत वाढलं म्हणून कोणी मजूर लावू नका. निदान महालक्ष्म्यांपर्यंत थांबा.